खरखर काढण्याची रीत

१

आवाजात खरखर आली की घाईनं मशीन खोलायचं नाही. आधी बाहेरचं बघायचं. तार हलवून बघायची, प्लग फिरवून बघायचा, दुसरी तार लावून बघायची. दहातले सहा बिघाड तारेतच सापडतात. मी एकवीस वर्षं कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. पाण्याचा पंप असो, टेलिफोन असो की लग्नातला भोंगा, माझी रीत एकच होती. बाहेरून आत जायचं आणि एकेक गोष्ट बाजूला काढत जायची. शेवटी जी उरते, तिच्यात दोष.

ही गोष्ट १९८४च्या मार्चमधली. आमची पिपळझरा कॉलरी माजरीपासून सात-आठ मैलांवर, वर्धा नदीच्या अंगाला. कॉलनीत दोनशे क्वार्टर, दवाखाना, शाळा आणि एक क्लब. क्लब म्हणजे पत्र्याच्या छताचा लांबट हॉल. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला कॅरम. टाइम ऑफिसातला घनश्याम तिथे गिटार वाजवायचा. त्याचा ॲम्प्लिफायर जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. बल्लारशाच्या एका रेल्वे ड्रायव्हरनं रिटायर होताना त्याला देऊन टाकलेला. लाकडी पेटी, पुढून जाड विणीचं तपकिरी कापड, मागून उघडी. व्हॉल्व्ह तापले की मागच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडायचा.

वर्षभर क्लबात गाणं झालं नव्हतं. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला ऑर्केस्ट्रा करायचं ठरलं आणि घनश्याम मला बोलवायला आला.

"श्रीहरीभाऊ, पाच-दहा मिनिटं बरा चालते," तो म्हणाला. "मंग खरखर सुरू होते, अन् आवाज बसत जाते. कोनी गळ्यावर पाय देऊन राह्यला असा."

माझी पहिली पाळी दोन वाजता सुटायची. दुपारी क्लब रिकामा असे. उन्हानं छताचे पत्रे तडतडत. हॉल झाडायला रंभाबाई तेवढी असायची. तिचा नवरा उमाजी आदल्या वर्षी खाणीच्या तीन नंबर भागातल्या आगीत गेला, आणि त्याच्या जागी कंपनीनं तिला इथे लावून घेतलं होतं. सिंदेवाहीकडची, तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातली बाई. कमी बोलायची.

मी मशीन चालू केलं. दहा मिनिटांनी खरखर आली. गिटारची तार काढली, तरी खरखर राहिली. म्हणजे दोष तारेत नव्हता. आवाजाचा कंट्रोल शून्यावर नेला, तरी ती राहिली. म्हणजे दोष कंट्रोलच्या पुढे कुठेतरी. इथवर सगळं सरळ होतं.

"रंभाबाई, जरा पंखा बंद करा," मी म्हणालो.

मी बोललो तेवढा वेळ खरखर थांबली.

"करतो," ती म्हणाली. ती बोलली तेव्हा खरखर चालूच होती.

मला गंमत वाटली. मी म्हणालो, "एक, दोन, तीन." शांत. मी गप्प झालो, खरखर सुरू. "हॅलो," मी म्हणालो. शांत. या खेपेला मी गप्प झाल्यावरही खरखर बराच वेळ थांबलेलीच राहिली. फोनवर पलीकडचा माणूस आपण पुढे काय बोलतो याची वाट बघतो, तशी.

२

दुसऱ्या दिवशी मी स्पिरिट घेऊन गेलो. कंट्रोल साफ केला. व्हॉल्व्हच्या पिना घासल्या, सॉकेटं घट्ट केली. जुना व्हॉल्व्ह कधीकधी माईकसारखा वागतो. खोलीतला आवाज त्याच्या आतल्या जाळीला हलवतो आणि स्पीकरमधून बाहेर येतो. माझ्या बोलण्याचा परिणाम होतो तो यामुळेच, हे मी आदल्या रात्री जेवताना ठरवून टाकलं होतं. बायकोला, सत्यशीलाला समजावूनही सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग रंभाबाईच्या बोलन्यानं काऊन नाई होत?" मी म्हणालो, तिचा आवाज बारीक.

असा व्हॉल्व्ह ओळखायला पेन्सिलीनं टिचकी मारतात. मी मागे बसून पहिल्यावर टिचकी मारली. टण्. दुसऱ्यावर मारली. टण्. तिसऱ्यावर मारायला हात उचलला, तर त्याच्या आधीच स्पीकरमधून आवाज आला. टण्. टण्.

पत्रे तापले की असले आवाज येतात. मी वर छताकडे बघितलं, आणि पुढचं काम धरलं.

मशीन बंद करून पहिला व्हॉल्व्ह रुमालात धरून उपसला. परत चालू केलं. खरखर होती. ठीक, दोष पुढे आहे. दुसरा उपसला. खरखर होती. ठीक. मग शेवटची जोडी, स्पीकरला आवाज पुरवणारी, ती दोन्ही काढली. आता पेटीत एकही व्हॉल्व्ह नव्हता. चार रिकामी सॉकेटं आणि एक ट्रान्सफॉर्मर. असं मशीन म्हणजे लाकडाचा खोका.

मी कापडाजवळ कान नेला. अगदी बारीक, पण होती.

मी स्पीकरची तारच कापून टाकली. तरी होती.

मग मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. चाळीस डिग्रीत माणसाच्या कानात काहीही वाजतं. परत आलो तेव्हा काही ऐकू आलं नाही. मी तार जोडली, व्हॉल्व्ह बसवले आणि मनाला बजावलं की आधीही काही ऐकू आलं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत घनश्याम आला, गिटार लावून वाजवू लागला. आठ-दहा मिनिटं छान चाललं. मग आवाज खाली जायला लागला. तो तारा जोरजोरात ओढत होता आणि आवाज आणखी दबत होता.

"पाहा," तो चिडून म्हणाला. "असा. याच्या पुढी जाऊच देत नाई."

३

तिसऱ्या दिवशी रंभाबाई झाडता झाडता थांबली. झाडू हातातच होता.

"भाऊ, हा आवाज कायचा हाये?"

"रेझिस्टन्स खराब झाला असन."

"मले वळखीचा वाटते."

"खरखर खरखरच असते, बाई."

ती आणखी पुढे आली. "नाई. याच्या आत दम हाये. कोनी दम टाकून राह्यला."

त्याच वेळी मला दुसरंच काही ऐकू आलं. खरखरीच्या आत दोन फुंकरा. फू. फू. थोडं थांबून परत दोन.

खाणीत आतून वर बोलायला हँडल फिरवायचे टेलिफोन होते. उमाजीचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. तो रिसीव्हर उचलायचा, आणि चुलीत फुंकावं तशा दोन फुंकरा मारायचा, मगच बोलायचा. वर टेलिफोनच्या खोलीत आम्ही हसायचो. हँडल कोणीही फिरवो, फुंकर आली की कळायचं, तीन नंबरवर उमाजी आहे.

मी मशीन बंद केलं.

"काऊन बंद केलं?" रंभाबाईनं विचारलं.

"तापलं," मी म्हणालो.

४

आगीचा दिवस सांगायला हवा.

मार्च त्र्याऐंशी. सकाळी दहाच्या सुमाराला तीन नंबरमधून धूर निघाला. माणसं वर आली, मोजली तर दोन कमी. उमाजी आणि झिंगू. झिंगू एटापल्लीकडचा गोंड गडी, लग्न न झालेला, वर्षभरापूर्वी लागलेला. धूर इतका की दोघांना तीनदा आवाज देऊन लोक परतले. बारा वाजता मॅनेजरसाहेबांनी ठरवलं की तीन नंबर सील करायचं. आगीला हवा मिळाली तर सगळी खाण जाते. दुपारी चारपर्यंत विटा आणि वाळूची भिंत उभी राहिली. आत कोणी जिवंत असणं शक्य नाही, असं साहेबांनी बाहेर जमलेल्या लोकांना सांगितलं. रंभा तिथे होती.

पाच वाजता टेलिफोन वाजला. तीन नंबरची लाईन.

खोलीत मी आणि साहेब दोघंच होतो. मी उचलला. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते.

"क्या है? कुछ सुनाई देता है?"

"खरखर है, साहब," मी म्हणालो. "लाईन जल रही होगी."

"पक्का?"

"पक्का."

"तो निकाल दो."

मी रिसीव्हर ठेवला आणि पक्कडीनं लाईन कापली. महिनाभरानं कंपनीनं तिकडची केबल गुंडाळून भंगारात काढली. चौकशीच्या कागदावर मी तेच लिहून दिलं. खरखर.

५

चौथ्या दिवशी मी आधी टेलिफोनच्या खोलीत गेलो. व्हॉल्व्हचं मशीन कुठलीही तार पकडतं, आकाशवाणीसुद्धा पकडतं. क्लबाखालून जुन्या लाईनचा एखादा तुकडा गेला असेल, हे बघायचं होतं. भिंतीवर तीन नंबरची लाईन जोडायचा स्क्रू होता. त्याला काही जोडलेलं नव्हतं. बाहेरच्या खांबावरही काही नव्हतं. क्लबाच्या बाजूला तर लाईन कधी गेलीच नव्हती.

मग मी क्लबात येऊन मशीन पूर्ण खोललं, आणि दोष सापडला. खरोखरचा दोष, हातात धरता येईल असा. शेवटच्या जोडीचा एक रेझिस्टन्स आतून जळत आला होता. खरखर त्याची. शेवटच्या व्हॉल्व्हच्या सॉकेटवर सोल्डरला केसाएवढी चीर होती. तापलं की ती उघडायची, आवाज बसायचा. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. रेझिस्टन्स बदलला, सोल्डर नवं केलं.

स्पीकरही बघून घ्यावा म्हणून पुढची फळी काढली. तपकिरी कापडाच्या आतल्या बाजूला काळं लागलं होतं. धूळ असेल म्हणून बोट फिरवलं. ओला कोळसा होता. उजेडात धरून बघितलं तर चार बोटांचे ओघळ होते, वरून खाली आलेले. ठसे आतल्या अंगाला होते, स्पीकर आणि कापडाच्या मधे. तिथे करंगळी घालायलासुद्धा जागा नव्हती.

मी फळी परत बसवली. स्क्रू आवळले. मागे रंभाबाई कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही.

"झालं का?"

"झालं," मी म्हणालो आणि स्विच टाकला.

अर्ध्या मिनिटानं व्हॉल्व्ह तापले. खरखर नव्हती. कापसासारखी मऊ शांतता होती. त्या शांततेत दोन फुंकरा आल्या, आणि मग माणूस बोलला, टेबलापलीकडे बसल्यासारखा.

"हॅलो. वर कोन हाये? श्रीहरीभाऊ, तुमी हा का? आमी दोघं हाओत. मी अन् झिंगू. मांगच्या गल्लीत हाओत, इथी धूर नाई. पानी हाये, हवा बी हाये. झिंगूचा पाय दबला, पन बरा हाये. भिंतीचा आवाज आला आमाले. साहेबाले सांगा, भिंत खोला म्हना."

या बोलण्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. वर्षभर रोज आठवलेला. कारण त्या दिवशी टेलिफोनवर हाच होता. खरखर होती, थोडी. पण त्यातून सगळं ऐकू आलं होतं.

का बोललो नाही, तेही सांगतो. भिंत खोलली असती तर पहिल्या टोळीबरोबर इलेक्ट्रिशियनला उतरावं लागलं असतं, आतली वीज तोडायला. ड्यूटीवर मी होतो. बाकी कारणं मी नंतर जुळवली.

"भिंत खोला म्हना," इथे मी रिसीव्हर ठेवला होता. म्हणून मला वाटलं, आता आवाज थांबेल.

तो थांबला नाही.

"उचललं!" उमाजी म्हणाला. आता तो टेलिफोनवर बोलत नव्हता, आत कोणाकडे तरी वळून बोलत होता. "झिंगू, ऐ झिंगू! श्रीहरीभाऊनंच उचललं. आयकलं त्यानं. हां म्हनला नाई, पन आयकलं. दम टाकला तो मले आयकू आला. आता येतेच."

दुसरा कोणी रडत हसला.

६

रंभाबाईनं झाडू खाली ठेवला. ती रडली नाही.

"त्याईनं तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली.

"लाईन खराब होती, बाई."

"आता तं साफ आयकू आलं."

"आता मी दुरुस्त केलं."

"तवा काऊन नाई केलं?"

पत्रे तडतडत होते. मी स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो. ती म्हणाली, "उद्या याच वेळी लावा. अन् तुमी बी बसा."

मी नाही म्हणू शकलो असतो. ती मला काय करणार होती? पण मी बसलो. रोज दुपारी अडीचला स्विच टाकायचा, आणि तिनं सतरंजीवर, मी खुर्चीवर बसायचं. आवाज पुढे चालला होता, इथल्या एका दिवसाला आतला एक दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली अर्धी भाकर वाटून खाल्ली. उमाजी हिशेब करत होता, "भिंत बांधाले चार घंटे लागले असन, तं फोडाले एक पुरे." तिसऱ्या दिवशी झिंगूला ताप भरला. तो गोंडीत काहीतरी म्हणत राहिला, आईला हाक मारत होता बहुतेक. उमाजी त्याला दटावत होता.

"रडू नोको. श्रीहरीभाऊ घरचा मानूस हाये. माह्या लग्नात लायटिंग त्यानं केली. पैसे बी घेतले नाई. येते तो."

हे खरं होतं. रंभाबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ती रोज डबा आणू लागली. भात, वाळलेली मासळी. डबा उघडून पेटीसमोर ठेवायची. चार वाजता झाकून परत न्यायची.

पाचव्या दिवशी घनश्याम मधेच आला. आत उमाजी बोलत होता. झिंगू त्या दिवशी गप्प होता आणि उमाजी त्याच्याशी बोलणं थांबवत नव्हता. घनश्यामनं कान दिला, खूश झाला. "अरे वा! एकदम साफ! टाचनी पडली तं आयकू येईन." त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्यानं गिटार लावली आणि उमाजीच्या आवाजावरच वाजवू लागला, आणि मी आणि रंभाबाई ऐकत राहिलो. पेटी नेतो म्हणाला तेव्हा रंभाबाईनं मान वर केली. मी म्हणालो, "राहू दे. अजून चार दिवस तापवून पाहाचं हाये."

त्यानंतर मला एक गोष्ट लक्षात आली. आवाज पुन्हा बसत होता. हा सोल्डरचा दोष नव्हता. शेवटच्या जोडीचे व्हॉल्व्ह म्हातारे झाले होते. रोज दीड तास तापवल्यावर त्यांची उरलेली ताकदही चालली होती. सहाव्या दिवशी रंभाबाईला पुढे सरकून बसावं लागलं. सातव्या दिवशी आणखी पुढे.

"नवे वॉल नाई भेटनार का?" तिनं विचारलं.

"चंद्रपुरात नाईत," मी म्हणालो. "नागपूरलेही चिठ्ठी पाठवली. नाईत."

घरी माझ्या हत्यारांच्या डब्यात त्या जोडीचे दोन कोरे व्हॉल्व्ह होते, खोक्यासकट. नागपूरला चिठ्ठी मी पाठवली नव्हती. उमाजीचा आवाज संपावा असं मला वाटत होतं. मी एकदा लाईन कापली होती. या वेळी नुसतं बसून राहायचं होतं.

७

नवव्या दिवशी रंभाबाई कान कापडाला लावूनच बसली. मला खुर्चीवरून काही ऐकू येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं तेवढंच.

"किती चालन अजून?" तिनं विचारलं.

"आजचा दिवस."

तिनं मान हलवली आणि ऐकत राहिली. उन्हाची तिरीप स्टेजच्या पायरीवरून तिच्या पायांपर्यंत आली.

"काय म्हन्ते?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"येतेच आता, म्हन्तेत. झिंगूले सांगून राह्यले." ती थांबली. "नऊ दिस झाले. झिंगू कवाचा मेला. तरी त्याले सांगून राह्यले."

मग तिनं कान काढला, दोन्ही हातांनी पेटी धरली आणि ओठ कापडाला टेकवले.

"अवो," ती म्हणाली. "मी रंभा. आयकता का?"

कापड हललं. पंखा बंद होता. मधोमध ते आतून फुगत आलं, आणि फुगवट्याला आकार आला. तळवा, मग एकेक बोट. बोटं पसरली. विणीतून काळं पाणी झिरपून लाकडावर उतरलं. रंभाबाई मागे सरकली नाही. तिनं गाल त्या तळव्यावर ठेवला.

"कोनी येनार नाई," ती हळू म्हणाली. "आता वाट नोका पाहू. लय झालं. झोपा आता."

मग आवाज आला, आणि तो मला खुर्चीवर बसून स्वच्छ ऐकू आला, व्हॉल्व्हमध्ये जीव उरला नव्हता तरी.

"श्रीहरीभाऊनं सांगतलं नाई का?"

रंभाबाईनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. तिनं खरं सांगावं असं मला वाटलं. देवाशप्पथ, मला तसंच वाटलं. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा. पण खुर्चीची पाठ धरून तिथेच उभा राहिलो.

"सांगतलं," रंभाबाई म्हणाली, माझ्यावरची नजर न काढता. "लय सांगतलं त्याईनं. साहेबाच्या पाया पडले. कोनी आयकलंच नाई त्याईचं."

आत कोणीतरी लांब श्वास सोडला.

"मंग त्याचा दोष नाई," उमाजी म्हणाला.

बोटं एकेक करून मागे गेली. कापड सपाट झालं. रंभाबाईनं स्वतः हात लांब करून स्विच बंद केला. पेटीखाली काळी भुकटी पडली होती. ती तिनं झाडून गोळा केली, पदराच्या टोकात बांधली, डबा उचलला आणि गेली. दारात थांबली नाही, मागे वळली नाही.

मी धावत घरी गेलो. सत्यशीला काय झालं विचारत होती. मी हत्यारांचा डबा जमिनीवर पालथा केला, खोकी उचलली आणि तसाच परत आलो. घामानं व्हॉल्व्ह हातातून निसटत होते. जुनी जोडी काढली, नवी बसवली, स्विच टाकला, कंट्रोल शेवटपर्यंत फिरवला. जमिनीवर गुडघे टेकून वाट बघितली. व्हॉल्व्हमधल्या तारा लाल झाल्या. भिंतीवर उजेड पडला.

"उमाजी," मी म्हणालो. "मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. मी कोणाले सांगतलं नाई."

मी थांबलो. परत सांगितलं. भिंत, पाणी, झिंगूचा पाय, सगळं नाव घेऊन घेऊन सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगितलं.

आत कोणी नव्हतं. मी कान कापडाला लावला, ते अजून ओलं होतं. खरखर नव्हती, साधी गुणगुणही नव्हती. इतकं साफ मशीन मी एकवीस वर्षांत कधी दुरुस्त केलं नव्हतं.